लुप्त होत चाललेल्या भाषेवरची एक बातमी आणि इंग्रजी शब्द: कोणते घ्यावेत, कोणते सोडावेत?

वाचनकट्टा
मंडळी, मराठी माध्यमातून अकरावीला आलेल्या मुलांच्या वाचनगटासाठी एक इंग्रजी बातमी काढली आहे. विषय आहे अंदमानातल्या 'बो' भाषेच्या शेवटच्या भाषिक बोआ सीनियर यांचं निधन. २६ जानेवारी २०१० रोजी त्या गेल्या, वय साधारण ८५. भाषाशास्त्रज्ञ प्रा. अन्विता अब्बी त्यांच्याकडून भाषेची नोंद करून घेत होत्या.

मजकूर ४०० शब्दांच्या आसपास आहे. मुलांना अडतील असे शब्द अधोरेखित केले तर तीस-पस्तीस निघतात. सगळे द्यायचे का? यादी करून समोर मराठी अर्थ लिहून दिला की मुलं घोकतात, चाचणीत मार्क आणतात आणि 'एन्डेन्जर्ड' (धोक्यात आलेली) वापरून वाक्य करायला सांगितलं की 'धिस लँग्वेज इज डेंजरस' लिहून मोकळी होतात. बातमीवरून शब्द शिकवायची धड पद्धत कोणती? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तळ्यात_मळ्यात
डेंजरस लँग्वेज म्हणजे पुणेरी पाट्यांची. मुलांचं काही चुकलेलं नाही.

(जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवतो.)

खडूस_मास्तर
४०० शब्दांत ३५ अनोळखी, म्हणजे शंभरात जवळजवळ नऊ. तिथेच गाडी अडते. शब्दसंपादनावरच्या अभ्यासांत साधारण असं धरतात की मजकुरातले ९५ टक्के शब्द ओळखीचे असतील तर मदतीने वाचता येतं आणि ९८ टक्के असतील तर आपलं आपण. नऊ टक्के अनोळखी असले की मूल वाचत नाही, कोश उलटतं. तेव्हा आधी मजकूर हलका करा.

त्यासाठी दहा मिनिटं मराठीत बोला. अंदमान कुठे, बोआ सीनियर कोण, त्सुनामी कधी आली, अब्बी काय काम करत होत्या, हे आधीच कळलं की निम्मे शब्द संदर्भाने उलगडतात. नकाशा दाखवा. मग बातमीचा फक्त २५० शब्दांचा भाग घ्या, बहुधा पहिले सहा-सात परिच्छेद. इंग्रजी बातमीत महत्त्वाचं सगळं वरच असतं, त्यामुळे शेपूट कापल्याने बिघडत नाही.

पहिलं वाचन कोशाशिवाय आणि पेन्सिलीशिवाय. दुसऱ्या वाचनात खुणा. मग खुणा केलेल्या शब्दांची चाळणी. जमातींची, बेटांची नावं बाजूला काढा, ती शब्दसंपत्ती नव्हे. याच विषयात राहणारे शब्द (एन्डेन्जर्ड, एक्स्टिंक्ट, फ्लुअंट, ट्राइब) वेगळे. आणि कुठल्याही बातमीत भेटणारे (सर्व्हाइव्ह, डिक्लाइन, प्रिझर्व्ह, अकॉर्डिंग टू, रिमेनिंग) वेगळे. विषयातले पाच-सहा आणि सगळीकडचे सहा-सात, एवढेच घ्या. बाकीच्यांचा अर्थ तोंडी सांगा आणि पुढे चला.

चूक होते ती इथे: शिक्षकाला दुर्मीळ शब्दाचं कौतुक जास्त असतं. 'मॉरिबंड' (मरणपंथाला लागलेला) फळ्यावर येतो आणि 'रिमेन' राहून जातो. मुलाला पुढच्या महिन्यात 'रिमेन' वीस वेळा भेटणार, 'मॉरिबंड' एकदाही नाही.

गोदाकाठ
मास्तरांशी सहमत. यादीत शब्द सुटा लिहिला की घात होतो, हे वर जोडतो. शब्द नेहमी सोबत्यांसकट उतरवून घ्यायचा. याच बातमीतलं मरणाचं कुटुंब बघा.

माणूस 'डाय' होतो. भाषा, प्रथा, प्राणिजात 'डाय आउट' होते. शेवटची व्यक्ती गेली आणि तिच्याबरोबर भाषाही गेली, तर 'द लँग्वेज डाइड विथ हर'. 'पास अवे' हे माणसापुरतं, 'वारले' सारखं. भाषेला लावू नये. 'पास डाउन' किंवा 'पास ऑन' म्हणजे पुढच्या पिढीला देणं, आणि ते बहुतेक वेळा कर्मणीत येतं: 'द लँग्वेज वॉज नॉट पास्ड डाउन टू द चिल्ड्रन'. मुलं 'पास' म्हणजे परीक्षा एवढंच धरून बसतात, मग वाक्याचा अर्थ 'भाषेत मुलं नापास झाली' असा लागतो!

'सर्व्हाइव्ह' वर तर थांबायलाच हवं. मराठीत आपण त्सुनामी*तून* वाचतो, म्हणून मुलं हटकून 'सर्व्हाइव्ह्ड फ्रॉम द त्सुनामी' लिहितात. इंग्रजीत मध्ये काही लागत नाही: 'शी सर्व्हाइव्ह्ड द २००४ त्सुनामी'. आणि निधनाच्या बातमीत 'शी इज सर्व्हाइव्ह्ड बाय टू सन्स' असं आलं तर कोणी कोणाला वाचवलेलं नसतं. 'त्यांच्या पश्चात दोन मुलगे आहेत' एवढाच अर्थ.

'एक्स्टिंक्ट' हे विशेषण आहे. 'एक्स्टिंक्टेड' असा शब्द नाही. 'बिकम एक्स्टिंक्ट' किंवा 'गो एक्स्टिंक्ट'. नाम 'एक्स्टिंक्शन', आणि त्याचे ठरलेले सोबती 'फेस एक्स्टिंक्शन', 'ऑन द ब्रिंक ऑफ एक्स्टिंक्शन'.

वाचनकट्टा
गोदाकाठताई, दंडवत घ्या. 'नापास झाली' हे उत्तर पुढच्या आठवड्यात नक्की येणार.

उंटावरचा_शहाणा
विषयच चुकलाय असं माझं स्पष्ट मत. सोळा वर्षांच्या पोरांना म्हातारी वारली आणि भाषा बुडाली याच्यात काय गोडी? क्रिकेटच्या बातम्या द्या. आवडीने वाचतील, शब्दही येतील. एन्डेन्जर्ड येऊन कोणाचं भलं झालंय?

खडूस_मास्तर
@उंटावरचा_शहाणा, क्रिकेटची बातमी मूल आवडीने वाचतं हे खरं, पण स्कोअर आधीच माहीत असतो, म्हणून शब्द न कळताही बातमी कळते. शब्दावाचून अडत नाही तिथे शब्द शिकला जात नाही. शिवाय 'बाउल्ड', 'नॉक', 'स्पेल' यांचे क्रिकेटमधले अर्थ बाहेर चालत नाहीत. 'हिज नॉक' चा अर्थ डाव आहे हे कळलेलं पोर दुसरीकडे 'नॉक' वाचून बुचकळ्यात पडतं.

एन्डेन्जर्डचं म्हणाल तर तो शब्द एकटा येत नाही. 'डेंजर' ला मागे 'एन' लागून क्रियापद झालं: धोक्यात घालणं. त्याच साच्यात एन्लार्ज, एन्रिच, एनेबल, एन्करेज, एन्फोर्स. धोका निर्माण करतो तो डेंजरस, धोक्यात सापडतो तो एन्डेन्जर्ड. वाघ दोन्ही आहे. हे एक वाक्य फळ्यावर लिहा, गोंधळ मिटतो.

तळ्यात_मळ्यात
वाघ दोन्ही आहे 😂 हे टिपून ठेवलं.

दर्यावर्दी
बातमी शिकवताना त्यातली माहिती नीट असावी म्हणून थोडं. 'ग्रेट अंदमानी' ही एक भाषा नव्हे, दहा भाषांचं कुटुंब होतं. बो त्यातली एक. १८५८ मध्ये ब्रिटिशांनी पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) कैद्यांची वसाहत कायमची बसवली. त्या सुमारास हे लोक काही हजार होते. चकमकी झाल्या, आणि त्याहून जास्त माणसं गोवर, इन्फ्लुएन्झा, सिफिलिस यांनी नेली. १९६१ च्या जनगणनेत १९ जण उरले होते. पुढे त्यांना स्ट्रेट बेटावर वसवलं. उरलेल्यांची भाषा आपसांत मिसळली आणि घरात हिंदी आली. बोआ सीनियर यांना बोमध्ये बोलायला शेवटच्या काळात कोणीच नव्हतं.

एवढ्यातच 'सेटलमेंट', 'एपिडेमिक', 'वाइप आउट', 'रीसेटल', 'ड्विंडल' असे शब्द क्रमाने येतात. कालरेषा काढून प्रत्येक टप्प्यावर एक शब्द बसवला की वेगळं पाठांतर लागत नाही. 'सीनियर', 'ज्युनियर' हे तिथल्या नावांचाच भाग आहेत. अब्बींना साहाय्य करणारे नाओ ज्युनियर होते. मुलांना तो हुद्दा वाटतो, ते आधी सांगा.

आणि भूगोलाचा फायदा घ्या. मराठी माध्यमात जागृत, निद्रिस्त आणि मृत ज्वालामुखी शिकवलेले असतातच. इंग्रजीत तेच अॅक्टिव्ह, डॉर्मंट, एक्स्टिंक्ट. त्यात बॅरन बेट अंदमानातच, भारतातला जागृत ज्वालामुखी. भाषेलाही हेच शब्द लागतात.

अपर्णा_कि
दर्यावर्दी, हा धागा छान पकडलात. 'डॉर्मंट' आणि 'एक्स्टिंक्ट' मधला फरक ब्रिटन-आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅनच्या मँक्स भाषेवरून उत्तम कळतो. लहानपणापासून मँक्स बोलणारे शेवटचे गृहस्थ नेड मॅड्रेल १९७४ मध्ये गेले. पण त्याआधीच त्यांच्या आणि इतरांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण झालेलं होतं आणि काही लोक त्यांच्याकडून भाषा शिकलेही होते. २००९ मध्ये युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या नकाशात मँक्सपुढे 'एक्स्टिंक्ट' असा शिक्का बसला. तिथे मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा आहे. त्या शाळेतल्या मुलांनी युनेस्कोला मँक्समध्येच पत्रं लिहिली, की भाषा मेली असेल तर आम्ही हे कशात लिहितोय? शेरा बदलून 'क्रिटिकली एन्डेन्जर्ड' झाला.

बोनंतरची दुसरी बातमी हीच द्या. 'रिव्हाइव्ह', 'रिव्हायव्हल', 'रेकॉर्डिंग', 'मीडियम', 'प्रोटेस्ट' हे नवे येतात आणि पहिल्या बातमीतले सात-आठ शब्द पुन्हा भेटतात. एकाच विषयावरच्या तीन बातम्या लागोपाठ वाचण्यात खरा फायदा हा आहे. वेगवेगळ्या विषयांवरच्या तीन वाचल्या तर शब्द परत भेटत नाही आणि विसरतो.

वऱ्हाडी_ठेचा
तिसरी बातमी आमच्याकडची घ्या की भाऊ! बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली भाषा आहे. सोनबर्डी गावाचं नाव भाषाशास्त्रात घेतात. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं पक्कं लागलेलं नाही. कायपर नावाच्या डच अभ्यासकाने १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, अलीकडे डेक्कन कॉलेजात तिच्यावर काम झालं.

इथे शिकायचा शब्द 'लँग्वेज आयसोलेट'. मुलं त्याचा अर्थ 'एकाकी पडलेली भाषा' असा घेतात, म्हणजे लोक बोलत नाहीत म्हणून एकटी. तसं नाही. बोलणारे कोट्यवधी असले तरी भाषा आयसोलेट असू शकते. नातेवाईक भाषा नाही एवढाच मुद्दा. निहाली तर चारी बाजूंनी गजबजलेली आहे: शेजारच्या कोरकू भाषेतून ढीगभर शब्द आलेत, मराठी-हिंदीतून आलेत. त्यावरून 'बॉरो फ्रॉम' आणि 'लोनवर्ड' शिकवा. गंमत म्हणजे उसना शब्द कोणी परत करत नाही.

आणि कृपा करून निहालीला 'डायलेक्ट' लिहू देऊ नका. मराठीत आपण लहान भाषेला सर्रास 'बोली' म्हणतो, मूल तेच उचलून इंग्रजीत 'डायलेक्ट' करतं. डायलेक्ट म्हणजे एखाद्या भाषेचं स्थानिक रूप. वऱ्हाडी हे मराठीचं आहे. निहाली कोणाचंच रूप नाही.

सातबारा
वा! इंग्रजीने जगभरच्या भाषा खाल्ल्या आणि आता त्यांच्या मयताच्या बातम्यांवर पोरांना इंग्रजीच शिकवायची. याला म्हणतात मढ्याच्या टाळूवरचं लोणी.

वऱ्हाडी_ठेचा
सातबारा, हलके घ्या, पण बाण चुकीच्या दिशेला गेला. बोच्या जागी घरात इंग्रजी नाही, हिंदी आली. निहालीवर दाब आहे तो कोरकूचा आणि मराठीचा. शाळा, बाजार, एसटी, तहसील, सगळं मराठीत. तिथली मोठी भाषा आपलीच आहे.

याला शब्द आहे 'लँग्वेज शिफ्ट'. 'लॉस' आणि 'शिफ्ट' मुलांकडून वेगळे करून घ्या. लोक राहतात, भाषा बदलतात, ती शिफ्ट. 'द कम्युनिटी शिफ्टेड टू मराठी'. शेवटी जुनी भाषा जाते तो लॉस.

सातबारा
हे लक्षात आलं नव्हतं. लोणी परत घेतो.

निमिष_ठाणे
मग मराठी एन्डेन्जर्ड आहे का? दर २७ फेब्रुवारीला व्हॉट्सअॅपवर मराठी मरतेच.

अपर्णा_कि
२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी. युनेस्कोच्या पायऱ्या संख्येवर कमी आणि घरात मुलं काय बोलतात यावर जास्त ठरतात. बहुतेक मुलं बोलतात पण काही ठिकाणांपुरतीच, उदा. घरात, तर 'व्हल्नरेबल'. मुलं घरात मातृभाषा म्हणून शिकेनाशी झाली की 'डेफिनेटली एन्डेन्जर्ड'. आजीआजोबा बोलतात, आईबाबांना कळते पण ते मुलांशी बोलत नाहीत, तर 'सिव्हिअरली'. आजीआजोबाही अधूनमधून आणि अर्धवट बोलतात ती 'क्रिटिकली'. मग 'एक्स्टिंक्ट'.

मराठी या शिडीवर नाही. त्या नकाशात भारतातल्या १९७ भाषा होत्या. पण शिडी शब्दांसाठी झकास आहे. 'पेशंट क्रिटिकल आहे' हे मराठीत रोज ऐकू येतं, त्यामुळे 'क्रिटिकली' फुकटात मिळतो. 'सिव्हिअर' चं 'सिव्हिअरली' होतं तसं बाकीच्यांचं मुलांकडून करून घ्या. एक धोका: 'व्हल्नरेबल' चा कोशातला पहिला अर्थ 'असुरक्षित' घेऊन मुलं 'अनसेफ' च्या जागी वापरतात. रस्ता अनसेफ असतो, रस्त्यावरचं मूल व्हल्नरेबल.

दर्यावर्दी
अजून एक. बो 'पासष्ट हजार वर्षं जुनी भाषा' अशा थाटाच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. माणसांची वस्ती जुनी असू शकते, भाषा मात्र दर पिढीत बदलत असते, तिचं वय असं मोजता येत नाही. बातमीदाराने वाक्य कसं सांभाळलंय ते मुलांना शोधायला लावा: 'इज बिलीव्ह्ड टू बी', 'इज थॉट टू हॅव', 'अप टू', 'अकॉर्डिंग टू', 'अॅन एस्टिमेटेड'. हे सावधगिरीचे शब्द मराठी भाषांतरात गळतात आणि 'मानलं जातं' चं थेट 'आहे' होतं. परीक्षेतल्या सारांशलेखनात इथेच मार्क जातात.

गोदाकाठ
+१. आणि 'फ्यूअर दॅन टेन स्पीकर्स', 'लेस दॅन' नव्हे. माणसं मोजता येतात. तसंच 'अॅन एटीफाइव्ह-इअर-ओल्ड वुमन' मध्ये इअरला एस नाही, पण 'शी वॉज एटीफाइव्ह इअर्स ओल्ड' मध्ये आहे. निधनाच्या प्रत्येक बातमीत हे येतं.

निमिष_ठाणे
उच्चारांचं कोणीच बोललं नाही. 'आर्काइव्ह' ला 'आर्चिव्ह' म्हणणारे पदवीधर सापडतात. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर आणि तेव्हा ते 'रिकॉर्ड' होतं. 'आयसोलेट' क्रियापदात शेवट 'लेट' असा लांब, वरच्या भाषेच्या नामात आखूड, 'आयसलट' च्या जवळ. 'इन्डिजिनस' चा जोर 'डि' वर. 'टंग' लिहिताना शेवटी 'यूई' आहे, ते बोलायचं नाही. आणि 'मदर टंग' चं 'आईची जीभ' झालेलं यंत्रभाषांतर अजून फिरतंय.

तळ्यात_मळ्यात
आईची जीभ! ती डेंजरसही असते आणि एन्डेन्जर्ड कधीच नसते.

वाचनकट्टा
सगळ्यांचे आभार. चाळणी लावून यादी बारावर आणली: एन्डेन्जर्ड, एक्स्टिंक्ट, डॉर्मंट, फ्लुअंट, डाय आउट, पास डाउन, सर्व्हाइव्ह, रिमेनिंग, डिक्लाइन, रिकॉर्ड, प्रिझर्व्ह, इज बिलीव्ह्ड टू बी. आता या बारांची कार्डं करायची तर पुढे काय, मागे काय? एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी, हे करून झालंय, टिकत नाही.

खडूस_मास्तर
टिकत नाही कारण तशा कार्डाने मूल ओळखायला शिकतं, आठवायला नाही. पुढच्या बाजूला बातमीच्या प्रसंगाचं इंग्रजी वाक्य लिहा, शब्दाच्या जागी रेघ आणि पहिलं अक्षर. खाली कोपऱ्यात मराठीत इशारा. 'पास डाउन' साठी इशारा 'पुढच्या पिढीला देणं'. मागच्या बाजूला फक्त उत्तर आणि सोबती: 'पास्ड डाउन टू', 'पास्ड डाउन थ्रू जनरेशन्स'. एका कार्डावर एकच अर्थ. 'रिकॉर्ड' चं नाम आणि क्रियापद, दोन कार्डं.

उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी. चुकलं ते कार्ड परत पहिल्या कप्प्यात. बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे चार आडोसे घालून पाच कप्पे होतात, मोबाईल असेल तर अँकी नावाचं कार्डांचं अॅप हेच काम करतं. पण मुलांना दुसऱ्याची तयार कार्डं देऊ नका. वाक्य स्वतः लिहिण्यातच निम्मं काम होतं.

चौथ्या दिवसाची उजळणी झाली की बातमी बाजूला ठेवून ८० शब्दांत सारांश, बारांपैकी सहा शब्द वापरून. बाराच्या बारा सक्तीचे केले तर वाक्यं ओढूनताणून होतात.

गोदाकाठ
यादीत 'फ्लुअंट' आहे, त्याचा सोबती 'इन' लिहून द्या: 'फ्लुअंट इन मँक्स'. नाहीतर 'फ्लुअंट ऑफ' येणार. आणि 'डिक्लाइन' चा दुसरा अर्थ नकार देणं. कोशात तो आधी दिसला की 'द नंबर ऑफ स्पीकर्स डिक्लाइन्ड' चं भाषांतर 'भाषिकांनी नकार दिला' असं होतं. त्या कार्डाच्या इशाऱ्यात 'संख्या घटणं' लिहा.

वाचनकट्टा
लिहिते. सोळाव्या दिवशी मँक्सची बातमी, त्यानंतर निहाली. निहालीवर २५० शब्दांत बसणारा सोपा इंग्रजी मजकूर मिळत नाहीये.

वऱ्हाडी_ठेचा
वरच्या प्रतिसादांतली माहिती घेऊन मुलांकडूनच लिहून घ्या. सहा वाक्यं: कुठे बोलतात, किती जण, कोणाशी नातं, शब्द कुठून आले, मुलं काय बोलतात, नोंद कोण करतंय. शब्द हातात आहेतच. फक्त 'सातपुड्याच्या पायथ्याशी' ला 'अॅट द फूट ऑफ' म्हणतात हे आधी सांगून ठेवा, नाहीतर 'लेग' येईल.